बांधावरची बोर: जोडाच्या वर आणि जोडाच्या खाली

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

मी अजिनाथ आसाराम कराळे, वय ४९, धंदा शेती व कलमे बांधणे, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकटा भाऊ आबासाहेब याचे मत वेगळे आहे. ते धरू नये.

दिवाळीत छातीत कळ येऊन मी दवाखान्यात पडलो. आबासाहेब भेटायला आला, माझ्यासाठी आणलेले शहाळे अर्धे स्वतःच प्याला आणि म्हणाला, "दादा, आता तुझं काय खरं न्हाई. बांधावरची बोर तोडू का? माझ्या नर्सरीच्या गेटला आडवी येती."

त्याच दिवशी हे लिहायचे ठरवले.

१. घर, विहीर व जमीन पत्नी सत्यशीला हिची. तिच्यामागे मुलगी रोहिणीची. देवळीतला नाथांचा फोटो हलवू नये. समईत तेल असावे.

२. डोळे भरायचा, म्हणजे गोड बोरीचा डोळा रानबोरीच्या सालीत बसवायचा, चाकू रोहिणीला. तो वडिलांचा आहे. ते डोळा भरून केळीच्या सोपटाने बांधायचे, मी प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतो. रोहिणीचा हात आम्हा दोघांपेक्षा हलका आहे. या चाकूने घरात कांदा कापू नये.

३. आबासाहेबाला चाकू देत नाही, कारण त्याला तो लागत नाही. तो रानबोरीच्या रोपाला नुसती पट्टी गुंडाळतो आणि कलमी म्हणून विकतो. मिरजगावच्या बिभीषण तनपुरे यांनी त्याच्याकडची रोपे लावली. फळ धरल्यावर ते पिशवी भरून बोरे घेऊन आले.

"आबासाहेब, तुमचंच कलम हाय. खाऊन दाखवा."

त्याने एक तोंडात टाकले. डोळ्यांत पाणी आले, तरी म्हणाला, "गोडच हाय की! तुमच्याच तोंडाला चव न्हाई."

माझ्या दहाव्याला त्याला बोलवावे. बोलू देऊ नये.

४. आता बोर. बांध माझ्या गटात आहे, हे मोजणीत ठरले. तरी आबासाहेब गावभर सांगतो, "झाड माझं हाय. बारका असताना आठळी मी थुकली हुती."

हे खरे आहे. त्याने जमिनीला दिलेली ती एवढीच वस्तू. त्या रोपावर वडिलांनी मला आयुष्यातला पहिला डोळा भरायला लावला. म्हणून नाथांना स्मरून वाटणी करतो. डोळा जिथे बसला तो जोड. जोडाच्या वरचे सगळे, फळ, पाला, सावली आणि कलमाच्या काड्या, रोहिणीचे. जोडाच्या खालचे खोड व मुळे आबासाहेबाची. खालून रानटी फूट येते, ती त्याने दरवर्षी वाकून स्वतः काढावी. न काढता तिला बोरे आलीच, तर त्यानेच खावीत. गोडच असतील.

वरचे झाड रोहिणीचे असल्याने त्याला खालचे खोड तोडता येणार नाही. गेट दुसरीकडे बसवावे.

त्या रानटी मुळाशिवाय ही बोर एक उन्हाळा काढणार नाही, हे मी जाणतो. तेवढ्यासाठी आबासाहेबाचे नाव या कागदात आले आहे. त्याहून जास्त प्रेम समजू नये.

सही: अजिनाथ आसाराम कराळे

साक्षीदार:
१. बिभीषण तनपुरे, रा. मिरजगाव (वर लिहिलेलेच)
२. झुंबरबाई ससे, शेजारीण, रा. तिसगाव

ठिकाण: तिसगाव
तारीख: १२ जानेवारी २०२५