चौदा नंबरच्या कार्डावरची आत्या

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार (अर्धाच समज, दिवसभर पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून माझी कंबर धरली आहे).

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय, म्हणजे तू दिवसातून चारदा चढत असणार. असो. मुद्द्यावर येते (येईनच, धीर धर). आमच्या वर्गात सात मुलं आहेत. समोरच्याचा चेहरा वाचणं त्यांना जड जातं, म्हणून ते आम्ही अक्षरांसारखं गिरवून घेतो: हे हसू, हा राग, ही भीती. विकतच्या कार्डांवरचे चेहरे एकजात थापाडे (रडणाऱ्याचेसुद्धा दात चमकतात), तेव्हा मी घरचे अल्बम उचकून वीस कार्डं केली. चौदा नंबरवर तू. माझ्या लग्नातला तुझा हसरा फोटो, जो आम्ही बाहेरच्या खोलीत लावलाय, तोच. मागे मी ठसठशीत 'आनंद' लिहिलं. (मुलांनी चेहरा बघून कार्ड त्या त्या भावनेच्या डब्यात टाकायचं.)

आमच्या वर्गातल्या चिमणीने (वय साडेपाच, बोलत नाही, बघते मात्र फार) तुला थेट रागाच्या डब्यात टाकलं. मी काढून आनंदात ठेवलं, तिने पुन्हा रागात. आठ दिवस हेच. त्यात तिची तपासणी आली. वीसपैकी सोळा कार्डं जमली तर ती आमच्याकडे राहणार, नाहीतर लांबच्या शाळेत, जिथे तिला कुणी ओळखत नाही. तिची पंधरा जमली (तू पुन्हा रागात, म्हणून चूक धरलं).

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा समजवायला बसले, तर तिने माझं बोट धरून तुझ्या भुवयांवर दाबलं. मी तुझे ओठ झाकून पाहिले. आत्या, तू चिडली होतीस. चांगलीच. मी तडक तपासनीसबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "फोटोतल्या बाईंनी तसं लिहून दिलं तर बघू." थट्टेने म्हणाल्या असतील, पण मी ते मनावर घेतलं आहे. चिमणीला मी जाऊ देणार नाही.

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. : सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. 'त्या दिवशी मी रागावले होते' एवढंच लिहून सही कर. सोमवारच्या आत पाहिजे.

ता. क. २ : कारण लिहायची गरज नाही. (आईला विचारलं, तर ती एकदम घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.)

ता. क. ३ : मला मात्र वेगळ्या कागदावर लिही. बारा वर्षं तो फोटो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवते आहे, आणि तुला काय झालं होतं हे कधी विचारावंसं वाटलं नाही. आता विचारते आहे.