भिंतीपलीकडच्या वैमानिकास

प्रिय आर्थर,

आज रिमेम्ब्रन्स संडे, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार. गेल्या वर्षी तुमची व्हीलचेअर ढकलत वॉर मेमोरियलला गेले होते. आज एकटीच जाऊन आले. घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतंच, आता शेजारी इंग्रजी बोलायला तुम्हीही नाही. म्हणून हे मराठीतच लिहितेय. आता तुम्हाला भाषेची अडचण कसली?

माझे यजमान श्रीकांत गेले तेव्हा मी घराबाहेर पडेनाशी झाले होते, आठवतंय? तुम्ही बेल वाजवून आत आलात. सांत्वनाचं काही बोलला नाहीत. चहा घेता घेता दुसऱ्या महायुद्धातल्या एका परतीच्या उड्डाणाचं सांगितलंत. तेही तेवढं एकदाच.

तुम्ही बॉम्बरचे पायलट, जेमतेम विशीतले. बॉम्ब टाकून परतताना एक इंजिन पेटून बंद पडलं. इंग्लंडचा किनारा आला तेव्हा कळलं, चाकं उतरत नाहीत. तुम्ही सगळ्यांना पॅराशूट घेऊन उड्या मारायला सांगितलंत. पण वायरलेस सांभाळणारा टॉम जखमी होता, त्याला उडी मारणं शक्य नव्हतं. मग कुणीच हललं नाही. नॅव्हिगेटर नेहमीच्याच आवाजात दिशा सांगत राहिला आणि तुम्ही विमान पोटावर उतरवलंत. सगळे वाचले.

भीती नाही वाटली का, असं मी विचारलं.

"वाटली ना. पण सगळे माझा आवाज ऐकत होते. तो कापून चालणार नव्हतं."

मग कप खाली ठेवून हळूच म्हणालात, "तू मिडवाइफ. किती बाळं जगात आणलीस. आम्ही बॉम्ब टाकले त्या शहरातही बाळं असणार."

मी तुमचा कप पुन्हा भरला.

पण तुमच्यावर एक राग आहे. त्या सकाळी छातीत दुखायला लागलं, तेव्हा तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन केलात, दाराची कडी काढून ठेवलीत, कोट घातलात आणि खुर्चीत बसून राहिलात. ते लोक पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. फोनवर अगदी शांत बोलत होते, असं पॅरामेडिक मला म्हणाली. मी भिंतीपलीकडे पोळ्या लाटत होते, आर्थर! हाक का नाही मारलीत? त्या घरात तुमचा आवाज कापला असता, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तुमच्या घरात आता एक तरुण जोडपं आलंय. अजून नुसतं हसण्यापुरती ओळख आहे. पण तुम्हाला वचन देते, मला कधी दुखलं-खुपलं तर मी अशी शांत बसून राहणार नाही. त्यांचं दार वाजवीन आणि सांगेन, मला भीती वाटतेय.

तुमची शेजारीण,
मालती