कागदावरची रंभाबाई

हुडकेश्वर, नागपूर
७ फेब्रुवारी २०२५

चि. वंदनाले मावशीचा आशीर्वाद.

तुहे फोन मुद्दाम उचलून नाही राहिली. फोनवर तू गोड बोलतं, मंग माह्या तोंडातलं तोंडातच राहते. तू नर्सिंगच्या पोरी शिकवतं, त्याईच्यासाठी पेशंट बनून बसाले मी हो म्हटलं. पोट दुखते एवढंच म्हण, असं तू म्हणाली होती.

मंगळवारी वर्गात पेशंटचा कागद निघाला दुसराच. तुह्या वर्गातल्या कामिनीनं मोठ्यानं वाचला. रंभाबाई, वय बावन्न, खोकलली की अंग बाहेर येते, जुन्या चादरीची घडी लावते, डागाच्या भीतीनं पोराच्या साखरपुड्यात बसलीच नाही.

नाव तेवढं बदललं तू. कामिनी आमच्याच गल्लीतली. माह्या गोलूच्या साखरपुड्यात तिनंच मले तीनदा खुर्ची आणून देल्ली. वाचता वाचता थांबली अन् माह्याकडं पाहाले लागली.

हे मी तुले एकटीले, दार लावून सांगितलं होतं. तुह्या मौसाजीलेई ठाऊक नाही. काहून केलं वं असं?

तुही,
शामला मावशी


नर्सिंग कॉलेज क्वार्टर, नागपूर
११ फेब्रुवारी

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

चुकलं. पोरी पुस्तकातला पेशंट पाठ करतात आणि वॉर्डात बायांवर खेकसतात. खरी बाई दुखणं कसं लपवते ते त्यांना कळावं, एवढंच मनात होतं. नाव बदललं की झालं, असं वाटलं. आता वॉर्डात पडदा ओढल्याशिवाय एकही पोरगी काही विचारत नाही. प्राचार्यांनी हा धडा दुसऱ्या वर्गालाही घ्यायला सांगितलाय. येशील का? तुझ्या ऑपरेशनसाठी तारीखही घेऊन ठेवली आहे.

राग उतरेल तेव्हा दोन ओळी लिही.
तुझी वंदना


हुडकेश्वर
१७ फेब्रुवारी

चि. वंदनाले आशीर्वाद. तो काही मी वापस घेत नाही.

पोरी सुधरल्या, चांगलं झालं. तू आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं त्याईले. शिव्या देऊन सांगितलं असतं, पण सांगितलं असतं.

परवा नळावर कामिनीच्या आईनं माह्या हातची भरली बादली घेतली. माह्या दारापर्यंत नेऊन देल्ली. घरी येऊन मौसाजीले मीच सांगून टाकलं.

दुसरा वर्ग तुहा तू पाह्य. तारीख दुसऱ्या कोणाले दे. मी दुसऱ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं विचारलं, याच्या आधी हे कोणाजवळ बोलल्या होत्या काय. म्हटलं, कोणाजवळच नाही.

गोलूच्या लग्नाले ये. लोकाईले दिसाले पाह्यजे.
शामला