बाबांच्या दिव्यासाठी बोर्ड

तीर्थरूप दादास,

वाकून नमस्कार. (वाकलेलीच आहे, टेबलाखाली स्क्रू शोधते आहे.) तुझी कंबर कशी आहे? वहिनीला सांग, तुला बादली उचलू द्यायची नाही. इकडे बाबा ठणठणीत आहेत, कान तेवढे सोडून.

गेल्या महिन्यात मी किल्ली विसरले आणि बाबांचं दार बडवत बसले. समोरचे आले, वरचे आले, खालचं तान्हं बाळ जागं झालं. खिडकीतून बाबा दिसत होते, शब्दकोड्यात गढलेले. उद्या इमारतीत आग लागली आणि कुणी सांगायला आलं, तरी हे उभे-आडवे शब्दच शोधत बसतील, हे मला दिसलं. तिथेच ठरवलं: दारावर बटण, खुर्चीजवळ दिवा, मध्ये डोकं म्हणून एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बाबा उठून आतल्या बाजूचं स्वतःचं बटण दाबेपर्यंत दिवा लुकलुकत राहील.

तू फोनवर म्हणाला होतास, आधी गरज बघ, मग बोर्ड घे. मी म्हटलं, बाबांच्या बाबतीत हात आखडता नको, आणि दुकानातला सगळ्यात दांडगा बोर्ड उचलला. तो अख्खा संगणकच निघाला. सिनेमा दाखवेल, पण वीज जाऊन आली की आळोखेपिळोखे देत उठायचा. त्याचे डोळे उघडेपर्यंत दूधवाला पुढच्या गल्लीत.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि नुसती चिप आणली, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात प्रोग्रॅम घालायला वेगळं यंत्र लागतं, हे घरी आल्यावर कळलं. ते आणेपर्यंत तुझे मेहुणे शिंकले. चिप अजून सापडलेली नाही. (ते म्हणतात, शिंक काय विचारून येते?)

तिसरा बोर्ड वायफायवाला, दाराबाहेर बॅटरीवर. तो सदानकदा जागा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बॅटरी गळपटली. मेहुणे तान्ह्या बाळाला दूध पाजावं तसे सेल बदलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "दार आणि खुर्ची एकाच भिंतीला आहेत ना? मग वायर का नाही?" प्रश्न त्यांचा असला तरी उत्तर मी दिलं, तेव्हा श्रेय माझंच.

आता दुकानातला सगळ्यात साधा बोर्ड लावलाय. चार्जरवर चालतो, बटणांच्या दोन वायरी, दिव्याची एक, वीज आली की लगेच हजर. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा बाबांनी पेन्सिल ठेवली, उठले आणि दार उघडलं. दारात मीच होते. "कधीची उभी आहेस?" म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच आले.

तुझी धाकटी

ता. क. तुमच्या कंपनीत बोर्ड निवडताना अडलं तर संकोच करू नकोस, मला विचार.

आणखी एक ता. क. दिवा लागला की बाबा आधी आरशात बघून केस नीट करतात, मग दाराकडे जातात. दूधवाल्यासाठी एवढा थाट कशाला, असं मी काल त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. म्हणाले, "थोरला असला तर?" दादा, टेस्टिंग म्हणून का होईना, एकदा येऊन ते बटण दाब.