टिल्लूचं पांघरूण

३ मार्च
टिल्लू पिवळा पडलाय. दीड महिना आधी जन्मला, म्हणून ही कावीळ म्हणे. काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट, बाकी सगळा उघडा! डॉक्टर म्हणाल्या, उजेडाने उतरेल. उजेडाने? कळलं काहीच नाही, मान मात्र डोलावली.

४ मार्च
रक्ताच्या तपासणीत कावीळ बारा. पंधराला गेली तर अंगातलं रक्त बदलावं लागेल. दीड किलोच्या जिवाचं!

सकाळी मी बसते, दुपारी टिल्लूचा बाबा. पेटी आतून उबदार असते म्हणतात, पण मला बघवेना. सिस्टर दुसऱ्या बाळाकडे वळल्या, तसा पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि दुपट्याचं टोक त्याच्या अंगावर ओढलं. निघताना काढून घेतलं.

५ मार्च
तेरा. उतरायची सोडून चढतेय. त्या उजेडात तर तो पिवळा दिसतच नाही, निळाच दिसतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू की कागदावर? माझ्या दुधातच खोट आहे का? आई म्हणते, फार डोकं चालवू नकोस. चालतंय कुठे!

६ मार्च
साडेतेरा. सकाळी सिस्टर एका आजींना समजावत होत्या, “उजेड कातडीवर पडला तरच गुण येतो. झाकलं की संपलं.”

दुपटं पिशवीत कोंबलं. मीच वैरीण निघाले माझ्या लेकराची. घरी कुणाला सांगितलं नाही.

७ मार्च
चौदा! कालपासून मी बोटसुद्धा लावलं नाही, तरी चढलीच. मग दुपट्याचा दोष नव्हता? की होता, आणि आता उशीर झाला? डॉक्टर दिवे तपासून गेल्या, त्यांनाही कोडं पडलंय. रक्ताचं उद्या ठरणार. आज दुपारीच जाऊन सिस्टरना सांगून टाकते. काय बोलणी बसायची ती बसू देत.

७ मार्च, संध्याकाळ
गेले. टिल्लूचा बाबा पेटीशी पाठमोरा उभा होता. टिल्लूच्या अंगावर त्याचा चौकड्यांचा मोठा रुमाल, गळ्यापासून पायांपर्यंत नीट पसरलेला.

“गारठत असेल गं तो,” म्हणाला. “रोज घालतो मी. तुला सांगू नको म्हटलं, रागावशील.”

मी पिशवीतून दुपटं काढून त्याच्या हातात दिलं. सिस्टर त्या आजींना काय म्हणाल्या ते सांगितलं. मग दोघं मिळूनच सिस्टरकडे गेलो.

८ मार्च
बारा! रक्त बदलायचं नाही. दुपटं आणि रुमाल सिस्टरांच्या कपाटात जप्त.