आधीच्या लेकराचं नाव

बाबा,

मागच्या महिन्यात मी पाँडिचेरीला जाऊन आले. तुमचे वडील तिथूनच पुलगावच्या गिरणीत फिटर म्हणून आले, इथलीच बायको केली, इथलंच आडनाव लावलं, एवढंच तुम्ही आम्हाला सांगितलं होतं. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष फ्रेंच फौजेतला गोरा होता, हे तुम्ही फक्त आईजवळ बोललात; तिनं ते मला अगदी शेवटी सांगितलं. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत आजोबांच्या बाप्तिस्म्याचा कागद सापडला. एका माणसाची चार नावं होती त्यावर. पहिलं नाव मी दोनदा वाचलं. त्याच नावानं तुम्ही मला हाक मारायचात.

आपल्या अख्ख्या पवनार गावाला माझं शाळेतलं नाव ठाऊक होतं. ते परकं, दोन अक्षरांचं, पोराचं नाव तेवढे तुम्ही घ्यायचात. मी आठवीत आहे. वर्ध्याच्या बाजारात आपण मेथी घेऊन बसलोय, माझ्या वर्गातल्या दोघी समोर उभ्या आहेत, आणि तुम्ही त्याच नावानं हाक मारून पाणी मागता. त्या हसतात. मी तांब्या आदळते. "मले त्या नावानं नका बलावू! कुत्र्याचं नाव वाटते ते!"

तुम्ही जुडी बांधत होता. ती बांधून झाल्यावर म्हणालात, "बरं बाई. नाई बलावत."

आणि खरंच पुन्हा बोलावलं नाहीत. घरी आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुले काही समजत नाई," आणि चुलीकडे तोंड करून बसली.

पाँडिचेरीच्या चर्चमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं जुनी नोंदवही काढली आणि सावकाश हिंदीत मला सांगत गेली. थोरल्या मुलाला आजोबाचं नाव द्यायचे. ते मूल दगावलं तर पुढच्याला तेच. नाव मातीत जाऊ द्यायचे नाहीत. आपल्या घराण्याच्या पानावर एकाच आईबापांची तीन मुलं होती, तिघांचं नाव एकच. पहिल्या दोघांपुढे मृत्यूची नोंद. तिसऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "यह लड़की थी. फिर भी वही नाम."

माझ्याआधी तुम्हाला मुलगा झाला होता आणि अकराव्या दिवशी गेला, हे मला माहीत होतं. बारसं व्हायच्या आधीच गेला, म्हणून त्याला नाव नव्हतं, असंच मी धरून चालले. तुम्ही ठेवलं होतं, बाबा. मग ते मला दिलंत, आणि मी ते भर बाजारात तुमच्या अंगावर फेकलं. तेव्हा सांगायचं होतं ना! पण मी काय ऐकून घेतलं असतं?

आता ते नाव घेणारं कोणी नाही. माझ्या लेकीनं तिच्या मुलाचं नाव मोबाइलमध्ये शोधून ठेवलं. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्रही वहीतच राहील.

एक राहिलंच. दवाखान्यातल्या शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही डोळे मिटून ते नाव घेत होता, थांबून थांबून. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. सिस्टरनं मला विचारलं, "बाबाजी कोणाले बलावून राह्यले?" मी पलंगाला टेकून उभी होते.

"माहीत नाई," मी म्हणाले.