प्रति लाभार्थी खर्च

३ जून, सकाळी १०.१०
नगर सुविधा मंडळ! नऊ वर्षं काढली या उकिरड्यात. पैसा कुठे जातो, एकाला ठाऊक नाही. शी! साहेबांनी तीन महिन्यांसाठी कॉस्टिंग सेल, म्हणजे खर्च मोजणारा विभाग, माझ्या हाती दिलाय. मंडळाच्या अभ्यासिका वगैरे केंद्रांपैकी कुठलं बंद करायचं ते आकड्यांनिशी सांगितलं, तर सेल कायमचा आणि प्रमुख मी. सांगणारच.

९ जून
पद्धत ठरली. हेड ऑफिसचा एसी, साहेबांची गाडी, सिक्युरिटी, सगळा खर्च चौरस फुटांप्रमाणे केंद्रांवर वाटायचा, मग तिथल्या लाभार्थ्यांच्या संख्येनं भागायचा. शास्त्रशुद्ध. आमची क्लार्क प्राजक्ता म्हणाली, तळवड्याच्या अभ्यासिकेत तीन पंखे आहेत, तिच्या माथी एसी कशाला? कॉस्टिंग शिकलेली नाही, बिचारी.

१७ जून
सापडली! तळवड्याची अभ्यासिका. एका मुलामागे महिना चार हजार एकशे दहा. किळस आली. केवढी ही उधळपट्टी! साहेब खूश.

२ जुलै
अभ्यासिकेला कुलूप. तिथं झाडलोट करणाऱ्या भिमाबाई ऑफिसात येऊन उभ्या. पोरं कंपनीतली शिफ्ट करून परीक्षेचा अभ्यास करत व्हती, घरी एका खोलीत पाच माणसं, आता बसायचं कुठं, म्हणाल्या. स्वतःच्या पगाराचं अवाक्षर नाही. त्यांना शीट दाखवलं. बघितलंसुद्धा नाही! अशा लोकांपुढे डोकं काय फोडायचं?
 

२१ जुलै
वैताग. अभ्यासिका बंद करून वाचलं काय, तर भिमाबाईंचा पगार आणि लाइटबिल. एसी चालूच, गाडी चालूच. अभ्यासिकेच्या वाट्याचा खर्च आता टाकायचा कुणावर? प्राजक्ता गालात हसली. उद्धट कार्टी! उरलेल्या सगळ्यांवर वाटला. पारदर्शकता हवी म्हणून आमचा सेलही यादीत घेतला. बाराशे फुटांचा हॉल आहे आमचा, भांडून मिळवलेला.

५ ऑगस्ट
साहेबांनी बोलावलं. इतका उपयोगी रिपोर्ट मंडळात आजवर कुणी दिला नव्हता, म्हणाले. चहा मागवला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. कॉस्टिंग सेल, लाभार्थी एक. तो एक म्हणजे साहेब. प्रति लाभार्थी खर्च सगळ्यांत जास्त.
ही पद्धतच चुकीची आहे, असं सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी कागद उलटून माझी सही दाखवली.
सेल सोमवारपासून बंद. ऑर्डरचा मसुदा मीच टाइप केला. दुसऱ्या कुणाला जमत नाही.